बोर्डाचं टोपडं

माझं नाक मोठं आहे, हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी कानात सांगायला नको. लग्न ठरत होतं तेव्हा नवऱ्याकडच्या कुणीतरी माझा फोटो बघून म्हणे विचारलं होतं, "ही मुलगी मागे आणि नाक पुढे का?" तो माणूस कोण, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नाही. नवऱ्याला विचारलं की तो पेपर वाचायला लागतो. पण याच नाकावर मी बेकरीत पोट भरते. भट्टीतला ट्रे करपणार, हे तो करपायच्या आधी मला कळतं. लोणी खवट व्हायला लागलंय का, पीठ जास्त आंबलंय का, हे मालक मला बोलावून विचारतो. तिथे माझ्या नाकाला मान आहे. घरी मात्र ते फक्त नको तिथे खुपसायला दिलेलं आहे, असं माझ्या सासूबाईंचं मत होतं. होतं म्हणतेय मी, आहे नाही.

सासूबाईंचं आयुष्य किटल्यांची टोपडी शिवण्यात गेलं. किटलीवर घालायचं ते जाड, आत कापूस भरलेलं, चौकटी-चौकटींनी टाचलेलं टोपडं असतं ना, चहा गरम राहावा म्हणून, ते बनवणाऱ्या कारखान्यात त्या मुख्य शिलाईवाल्या होत्या. "माझं टोपडं घातलं की संध्याकाळचा चहा रात्रीच्या जेवणानंतर प्या, तोंड पोळेल," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, आणि त्यात एका शब्दाचीही अतिशयोक्ती नव्हती. त्या निवृत्त झाल्या, पण हात काही निवृत्त होईनात. घरातली एकेक वस्तू त्यांच्या तावडीत सापडायला लागली. मिक्सरला टोपडं आलं. रेडिओला आलं. टीव्हीच्या रिमोटला बटणांपुरत्या खिडक्या ठेवलेलं आलं. पाण्याच्या जगला तर चक्क घागरा. नवरा मला म्हणायचा, "जास्त वेळ एका जागी बसू नकोस, तुझंही माप घेईल ती."

थट्टा आपल्या जागी, काम मात्र नजर लागावी असं होतं. झालरीची एक चुणी दुसरीपेक्षा लहान नाही की मोठी नाही. म्हणूनच तर पुढचा सगळा घोळ झाला. काम वाईट असतं तर लोकांनी ती टोपडी कधीच माळ्यावर टाकली असती.

झालं असं, की विजेच्या सामानाचं एक दुकान बंद होत होतं. सासूबाई तिथे सहज डोकावल्या आणि एक्स्टेंशन बोर्डांचा अख्खा खोका उचलून घरी आल्या. स्वस्तात मस्त. पांढरेशुभ्र, सहा-सहा भोकांचे, लाल बटणाचे. आता ज्या बाईला रिमोट उघडा बघवत नाही तिला बोर्ड उघडा कसा बघवेल? त्यांनी प्रत्येक बोर्डाला किटलीच्याच पद्धतीचं टोपडं शिवलं. आत कापसाचा जाड थर, प्रत्येक भोकापाशी नीट विणलेलं काज, काजावर पापणीसारखी छोटी झडप, कडेनं झालर. "धूळ जायला नको आणि पोराबाळांचं बोट जायला नको," हे त्यांचं म्हणणं. हेतू सोन्यासारखा होता. मग कुणाचं नवं घर, कुणाचा वाढदिवस, की सासूबाई टोपडं घातलेला बोर्ड घेऊन हजर. धाकट्या जावेला दिला, मावशींना दिला, समोरच्या बिऱ्हाडाला दिला.

आणि बबीला द्यायला गेल्या तिथे माशी शिंकली.

बबी म्हणजे माझी नणंद, सासूबाईंचं शेंडेफळ. तोंड आईचं, हट्ट आईचा, खाण तशी माती. तिला मुलगी झाली आणि काही दिवसांनी सासूबाई तिच्या घरी एक भलीमोठी पिशवी घेऊन गेल्या. पिशवीत बोर्ड होताच, शिवाय तिच्या घरातल्या झाडून साऱ्या वस्तूंची टोपडी होती, मापं न घेता नुसत्या नजरेनं शिवलेली. बाळंतपणात आधीच वैतागलेली बबी म्हणाली, "आई, माझं घर आहे हे, तुझ्या किटल्यांचं दुकान नाही. सगळं फेकून देईन मी." सासूबाईंनी पिशवी दारातच ठेवली, चपला घातल्या आणि निघून आल्या. तेव्हापासून मायलेकींचं बोलणं बंद. नातीला मांडीवर घेतलं असेल तर फार तर एकदाच. रात्री जेवताना कधीतरी मध्येच म्हणायच्या, "आता पालथी पडायला लागली असेल." आम्ही म्हणायचो, फोन करा ना. त्यावर त्या ताटातल्या मिठाकडे बघत बसायच्या. मला त्यांचा राग यायचा आणि तितकंच वाईटही वाटायचं.

यंदा थंडी कडाक्याची पडली आणि आमच्या घरात मासळीचा वास यायला लागला.

आमच्याकडे मासळी येत नाही, कारण मला तिच्या वासानं मळमळतं. तरी रोज दुपारी मी बेकरीतून आले की दारातच तो वास. शिळ्या मासळीसारखा, त्यात काहीतरी करपल्याचा कडवटपणा. मी म्हटलं, "आई, कसला वास येतोय?"

"कसला म्हणजे? खालच्या शेजारणीचं मांजर जिन्यात काहीबाही आणून खातं." एवढ्यावर न थांबता त्या खाली जाऊन शेजारणीला चार शब्द सुनावून आल्या. शेजारीण म्हणाली, माझं मांजर दुधाशिवाय कशाला तोंड लावत नाही. झालं, बिचाऱ्या मांजरावर चोरीबरोबर खोटेपणाचाही आळ आला.

मला काही ते पटेना. मी पाळत ठेवली. माझ्या लक्षात आलं, की सासूबाई इस्त्री करायला बसल्या की वास वाढतो.

"आई, इस्त्री लावली की वास येतो."

"मग काय चुरगळलेली घालून हिंडू?"

"इस्त्री कुठे लावलीय?"

"कुठे म्हणजे? बोर्डाला. मशीन, दिवा, पायाशी हीटर, सगळं बोर्डालाच आहे. एक माणूस किती वेळा उठून भिंतीपाशी जाणार?"

मी गुडघ्यांवर बसले आणि त्यांच्या शिवणाच्या टेबलाखाली शिरले. वरून आवाज आला, "हुंग आता. सून आणली का पोलिसांचं कुत्रं आणलं, तेच कळत नाही मला." टेबलाखाली वास इतका दाट होता की नाक दाबून धरावं लागलं. मी बोर्डावरच्या टोपड्याला हाताची उलटी बाजू लावली, भट्टीतून काढलेल्या पावाला लावतो तशी. आणि ते पावाइतकंच गरम होतं.

मी भिंतीवरचं बटण बंद केलं, पिन ओढली आणि बोर्ड बाहेर काढून टोपडं सोललं. आतला कापूस तपकिरी झाला होता. बोर्डाचं पांढरं प्लास्टिक पिवळं पडलं होतं, आणि जिथे इस्त्रीची पिन होती तिथलं भोक मेणासारखं खाली ओघळलं होतं. कडेला काळी किनार धरली होती.

सासूबाई पुढे आल्या. टोपडं हातात घेऊन त्यांनी ते उलटं केलं, करपलेल्या कापसावरून बोट फिरवलं आणि बोटाचा वास घेतला. मला टोमणा मारायचा नव्हता, खरंच नव्हता. मी हळू आवाजात म्हटलं, "आई, हे किटलीचंच टोपडं आहे. ऊब बाहेर जाऊ नये म्हणूनच ते असं शिवतात ना? चहा निदान कधीतरी निवतो. हा बोर्ड आतून तापतच राहतो, आणि ती ऊब जाणार कुठे?"

त्या खाली बसल्या, फरशीवरच. उभ्या जन्मात ज्या गुणासाठी त्यांचं कौतुक झालं, तोच गुण त्यांनी आपल्या हातानं त्या बोर्डाभोवती शिवला होता. मग त्या एवढंच म्हणाल्या, "कितीजणांना दिलं गं मी हे?"

नवरा बोर्ड घेऊन कोपऱ्यावरच्या वायरमनकडे धावला. त्यानं स्क्रू काढून आतलं दाखवलं. पितळेच्या पट्ट्या चॉकलेटच्या चांदीएवढ्या पातळ, वायर दोऱ्यासारखी, पिना आत घट्ट बसतच नव्हत्या. असलं प्लास्टिक तापलं की मासळीसारखाच वास सुटतो, असं त्यानं सांगितलं. इस्त्री आणि हीटर असल्या बोर्डावर लावायचेच नसतात, टोपडं असो वा नसो, आणि टोपडं असेल तर मग विचारायलाच नको, असं तो म्हणाला. नवऱ्यानं तिथूनच सगळ्यांना फोन लावायला सुरुवात केली. इकडे मी समोरच्या बिऱ्हाडाचा बोर्ड स्वतः जाऊन काढून आणला. मावशींनी आपला काढला आणि आता मी फोन चार्ज कुठे करू म्हणून कुरकुरल्या. धाकट्या जावेनं टोपडं काढून बघितलं तर तिच्याही बोर्डाला तपकिरी डाग पडला होता, तेव्हा ती फोनवरच रडायला लागली.

राहिली फक्त बबी. नवऱ्यानं तिला फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. मी लावला, तेच.

"तिच्याकडे काही नाही," सासूबाई म्हणाल्या. "तिनं ती पिशवी कचऱ्यात टाकली असणार. तोंडावर सांगितलं होतं मला."

"टाकली नसेल तर?"

"तू ओळखत नाहीस तिला."

"मी ओळखते तिला. तुम्हालाही ओळखते. उठा."

मी असं आजवर त्यांच्याशी बोलले नव्हते. पण माझ्या डोळ्यांपुढे बबीच्या घरातली बाळाची खोली आली. त्या खोलीत भिंतीला एकच सॉकेट, तेही दाराजवळ, आणि पाळणा पलीकडच्या टोकाला. एवढ्या थंडीत तान्ह्या बाळाच्या खोलीत हीटर लावल्याशिवाय कोण राहतं? आणि लावला तर कशाला लावणार? सासूबाईंनी बहुधा माझ्या चेहऱ्यावर ते वाचलं, कारण त्या उठल्या. बस लगेच मिळाली. बसमध्ये त्या खिडकीबाहेर बघत होत्या आणि मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. पिशवीत त्यांनी आपली मोठी कात्री का घेतली होती, हे मला तेव्हा कळलं नाही.

बबीच्या इमारतीची लिफ्ट बंद होती. आम्ही जिने चढत गेलो. तिच्या मजल्याच्या खालच्या वळणावर सासूबाई थांबल्या.

"तू जा. मी इथेच उभी राहते. मला बघितलं तर ती दार उघडायची नाही."

मला वाद घालायला वेळ नव्हता. मी वर जाऊन बेल वाजवली, दार ठोठावलं, पुन्हा वाजवली. बऱ्याच वेळानं दार साखळीपुरतं किलकिलं झालं. फटीत बबीचा एक डोळा आणि लाल झालेलं नाक. तिला सडकून सर्दी झाली होती.

"वहिनी, तू? आत्ता कशी काय?"

"फोन का उचलत नाहीस?"

"बाळ झोपलंय गं, आवाज बंद केलाय. नंतर ये ना, घर सगळं पसरलंय."

"दोन मिनिटं येऊ दे. आईंनी दिलेला तो बोर्ड तुझ्याकडे आहे का?"

"नाही." फार पटकन म्हणाली. मग मागे वळून बघितलं आणि दार अजून थोडं लोटलं. "टाकला मी तो. सगळंच टाकलं. तिनं पाठवलंय का तुला?"

त्या घटकेला मला एक क्षण वाटलं, की खरंच टाकला असेल, सासूबाई म्हणाल्या ते बरोबर, आपण उगीच धावलो. मी "बरं" म्हणायला तोंड उघडलं, श्वास घेतला, आणि दाराच्या त्या फटीतून तो वास आला. मासळी. आणि तिच्यामागे कडवट करपट.

"बबे, घरात मासळी केलीस?"

"शी. मला चार दिवस कसलाच वास येत नाहीये."

"साखळी काढ."

"वहिनी, अगं आत नको..."

"साखळी काढ म्हणते ना."

बेकरीत मी ट्रे पडताना ज्या आवाजात ओरडते तो आवाज होता तो. तिचा हात आपोआप वर गेला. मी तिला बाजूला सारून आत घुसले. तिच्या मेन स्विचची पेटी दारामागेच आहे, हे मला माहीत होतं. मी हात लांबवला आणि हाताला कापड लागलं. मेन स्विचच्या पेटीला झालरीचा पडदा होता. मग पडदा सारून खटका खाली ओढला आणि फ्रिजची घरघर थांबली.

बाळाच्या खोलीत धूर दिसत नव्हता, पण डोळे चुरचुरत होते. पाळण्याच्या पायाशी बोर्ड होता, टोपड्यासकट. त्याला हीटर होता, बाटल्या उकळायचं यंत्र होतं, वाफेचं यंत्र होतं आणि बबीचा फोन होता. टोपड्याच्या एका काजातून निळसर धुराचा दोरा वर निघाला होता आणि झालरीची कड लालसर होऊन आत आत सरकत होती. पाळण्यावरून लोंबणारं दुपटं तिच्यापासून वीतभर वर होतं.

"बाळाला उचल आणि बाहेर जा," मी म्हटलं. बबीनं बाळाला उचललं, पण बाहेर जायच्या ऐवजी कडेवरच्या बाळासकट पाण्याचा जग घेऊन आली. जगाला घागरा होता.

"पाणी नको. विजेवर पाणी नको. जा म्हणते ना."

मेन बंद होता, तरी मी भिंतीतली पिन ओढून काढली. स्वयंपाकघरातून लाटणं आणि स्टीलचं मोठं पातेलं आणलं. लाटणं टोपड्याखाली सरकवून बोर्ड उचलला आणि बाल्कनीकडे निघाले. हीटरची पिन वितळून बोर्डात चिकटली होती, त्यामुळे हीटर माझ्यामागे फरफटत आला, दाराला अडकला, मी लाथ मारली, पुन्हा आला. बाल्कनीत वारा लागला मात्र, टोपड्यानं पेट घेतला. नुसतं धुमसणारं ते, एकदम पिवळी ज्योत होऊन गुडघाभर उठलं. मी सगळं फरशीवर टाकलं आणि वर पातेलं पालथं घातलं. कडेनं थोडा वेळ धूर येत राहिला. मग तोही थांबला.

मी तिथेच बाल्कनीत बसले. हातातलं लाटणं सोडवेना. मला हसू येत होतं. पण खरं सांगू, मनात सगळ्यात वर काय होतं तर अभिमान. आलो, आणि वेळेत आलो.

आत वळून बघितलं तर सासूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. आरडाओरडा ऐकून धापा टाकत आल्या असणार. पण त्या बबीकडे बघत नव्हत्या, की माझ्याकडेही नाही. त्या घराकडे बघत होत्या. मिक्सरला टोपडं होतं. टोस्टरला होतं. रिमोटला खिडक्यांचं होतं. दाराच्या मुठीला होतं. त्या पिशवीतलं एकही टोपडं कचऱ्यात गेलं नव्हतं, सगळी आपापल्या जागी चढवलेली होती, धुवून इस्त्री केलेली.

आता मला कळलं, बबी साखळी का काढत नव्हती.

"तू म्हणालीस फेकून देईन," सासूबाई म्हणाल्या.

"म्हणाले होते." बबीनं नाक ओढलं. "तू गेलीस आणि घर ओकंबोकं वाटायला लागलं. मग एक चढवलं. मग दुसरं. हिला त्या झालरी ओढायला आवडतात. आणि बोर्ड हिच्याजवळ ठेवला, कारण तू म्हणाली होतीस ना, पोरांचं बोट जात नाही."

"मग एक फोन नाही करता आला?"

"तुला आला करता?"

दोघी एकमेकींकडे बघत उभ्या. नाक सारखं, हनुवटी सारखी, हट्ट तर एकाच कापडातून कापलेला. माझ्यानं राहवेना. मी बाल्कनीतून म्हटलं, "सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. आज सुंभ चांगला जळलाय, बघा हवं तर पातेल्याखाली. आता पीळही जाऊ द्या."

बबी आधी हसली, मग तिला जोराचं रडू फुटलं, आणि त्याच रडण्यात तिनं बाळाला आईपुढे धरलं. सासूबाईंनी हात पुढे केले आणि मागे घेतले.

"नको. या हातांनी मी तिच्या पाळण्याखाली निखारा ठेवला होता."

"याच हातांनी घे," बबी म्हणाली आणि बाळ त्यांच्या कुशीत ठेवून मोकळी झाली. बाळ एवढ्या गोंधळात जागं झालं होतं. त्यानं आजीचा चेहरा बघितला, आणि तिच्या पदराची कड मुठीत धरून ओढली, झालर समजून. सासूबाई रडल्या. मोठ्यानं रडल्या. मीही रडले, लाटण्यासकट.

पिशवीतल्या कात्रीचं काम त्यानंतर कळलं. पुढच्या सुट्टीच्या दिवशी सगळे बोर्ड आमच्या घरी जमा झाले, आणि ज्यांनी ते आणले ते सगळेही जमले, जाऊ, मावशी, समोरचं बिऱ्हाड, बबी, जावई, बाळ. वायरमन तेव्हा आमच्या भिंतीत नवी सॉकेट बसवत होता. बबीच्या घरातली तो आदल्या दिवशीच बसवून आला होता, हीटरला वेगळं, जाड वायरीचं. सासूबाईंनी आपली ती मोठी कात्री काढली आणि एकेक बोर्ड हातात घेऊन त्याची वायर पिनेपाशी कचकन कापली. "भंगारात टाकले तर कुणीतरी उचलून लावेल," त्या म्हणाल्या. "असे मुंडकं उडवलेले कोण लावतंय?" प्रत्येक वायर तुटली की मावशी टाळ्या वाजवायच्या, त्यांचं बघून बाळही. शेवटची वायर त्यांनी बबीच्या हातून कापवून घेतली.

टोपडी त्यांनी उसवली. कापूस पिंजला, कापडाचे तुकडे जोडले आणि नातीसाठी एक जाडजूड पांघरूण शिवलं. ऊब धरून ठेवायचा गुण शेवटी योग्य ठिकाणी लागला. एक छोटी गादी त्यांनी खालच्या शेजारणीच्या मांजरासाठीही शिवली आणि स्वतः नेऊन दिली. मांजराची त्यांनी माफी मागितली का, हे शेजारीण सांगत नाही, पण गालात हसते. आता विजेच्या कुठल्याही वस्तूला आमच्या घरात टोपडं नाही. रिमोटला आहे, पण तो सेलवर चालतो म्हणून मी सोडून दिलंय.

त्या दिवशी सगळे चहाला बसले, किटलीवर अर्थातच टोपडं. मावशींनी माझ्याकडे बघून म्हटलं, "काही म्हणा, नाक असावं तर असं."

सासूबाईंनी बाळाला मांडीवर सारखं केलं. "एक सांगायचं राहिलंय," त्या म्हणाल्या. नवऱ्यानं ताबडतोब पेपर उचलला. "हिचा फोटो आला होता ना, तेव्हा मुलगी मागे आणि नाक पुढे का, असं कुणीतरी विचारलं होतं."

"हो," मी म्हटलं. "मी त्या माणसाला शोधतेय."

"मीच विचारलं होतं."

पेपर थोडा खाली आला. मी काय बोलणार होते कुणास ठाऊक, इतक्या वर्षांचं साठवलेलं होतं माझ्याकडे. पण सासूबाईंनी हात लांबवला, माझं नाक दोन बोटांत धरलं, लहान मुलीचं धरतात तसं, आणि हलवलं.

"पुढे होतं म्हणून तर पोचलो," त्या म्हणाल्या.